वाचकांचे प्रश्न : पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

या महिन्याच्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात. लिनक्सचा संगणक लॉगिनच्या पडद्यापुढे सरकत नाही, ही एक. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे, ही दुसरी. पुष्कळदा या दोन तक्रारी नसतातच, एकाच दुखण्याची ती दोन टोके असतात. म्हणून उत्तरे शेजारी शेजारी छापली आहेत. कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत द्यायच्या. मोठे अक्षर हवे तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : घरी लिनक्स मिंट आहे. कालपर्यंत ठीक चालत होते. आज पासवर्ड दिला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा समोर. मुद्दाम चुकीचा पासवर्ड दिला तर मात्र ‘पासवर्ड चुकला’ असे सांगतो. दुकानदार म्हणतो, सगळे पुसून नव्याने टाकावे लागेल. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : पुसू नका. चुकीचा पासवर्ड देऊन पाहिलात, तिथेच अर्धे निदान झाले. दोन पासवर्डना दोन वेगळी उत्तरे मिळतात, म्हणजे पासवर्ड तपासणारी यंत्रणा शाबूत आहे. त्यानंतर तुमचे सेशन (म्हणजे तुमचा डेस्कटॉप) उभे राहू पाहते, कोसळते, आणि लॉगिन मॅनेजर तुम्हाला पुन्हा उंबऱ्यावर आणून सोडतो.

लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर एफएन हे बटणही सोबत दाबावे लागते. काळ्या पडद्यावर आधी नाव विचारले जाईल, मग पासवर्ड. इथे पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बंद पडला असे समजू नका. नेहमीच्या पडद्यावर परतायला मिंटमध्ये कंट्रोल-आल्ट-एफ-७.

आत शिरल्यावर काहीही दुरुस्त करायच्या आधी ‘सुडो डीएमईएसजी | लेस’ चालवा (सुडो म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने, डीएमईएसजी सिस्टिमच्या अंतर्गत नोंदी दाखवते) आणि मोठे जी दाबून शेवटच्या ओळींवर जा. तिथे ‘आय-ओ एरर’ आणि पुढे तुमच्या डिस्कचे नाव (बहुधा एसडीए) अशी ओळ दिसली, तर इथेच थांबा आणि खालचे मडगावच्या वाचकाला दिलेले उत्तर वाचा. आजारी डिस्कवर लॉगिन दुरुस्त करत बसणे म्हणजे घर गळत असताना रंग देत बसणे.

ओळी स्वच्छ असतील तर ‘डीएफ -एच’ चालवा, कोणता विभाग किती भरला ते ती दाखवते. मुळाच्या ‘/’ विभागासमोर किंवा ‘/होम’समोर १०० टक्के दिसले, तर चोर सापडला. मग संगणक चालू तरी कसा होतो? एक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मुख्य व्यवस्थापक खात्यासाठी, राखून ठेवते. ५०० जीबीच्या विभागात ती २५ जीबीच्या घरात जाते. रूटच्या सेवा त्या राखीव जागेवर निवांत चालतात. तुमच्या सेशनला मात्र होम फोल्डरमध्ये काहीशे बाइटची एक ओळखफाइल लिहायची असते, आणि तिला जागा मिळत नाही.

मिंटमध्ये जागा खाणारा बहुधा टाइमशिफ्ट असतो. तो सिस्टिमच्या जुन्या प्रती (स्नॅपशॉट) घेऊन ठेवतो; त्या त्याच विभागात ठेवल्या असतील तर हे होते. ‘सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट’ने यादी पाहा, ‘सुडो टाइमशिफ्ट --डिलीट’ने जुने काढा, कोणता काढायचा ते तो विचारतो. जोडीला ‘सुडो एपीटी क्लीन’ आणि ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ (इथला एम मोठा). जागा आहे असे दिसूनही लिहिता येत नसेल तर ‘डीएफ -आय’ पाहा. लाखो बारीक फाइली साठल्या की आयनोड (प्रत्येक फाइलीच्या नोंदीची जागा) संपतात आणि जीबी शिल्लक असूनही डिस्क ‘भरलेली’ असते.

जागा भरपूर असेल तर मालकी तपासा. होम फोल्डरमध्ये ‘.एक्सऑथॉरिटी’ नावाची फाइल असते: आधी टिंब, मग मोठे एक्स. ‘एलएस -एलए’ने तिचा मालक पाहा. तिथे तुमच्या नावाऐवजी ‘रूट’ असेल, तर कधीतरी कुणीतरी खिडकीवाला प्रोग्राम ‘सुडो’ लावून उघडलेला आहे. ती फाइल ‘एमव्ही’ने दुसऱ्या नावाची करा, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. लगोलग ‘फाइंड ~ -युजर रूट’ चालवून रूटच्या आणखी कोणत्या फाइली घरात शिरल्यात तेही पाहून घ्या. ‘एलएस -एलडी /टीएमपी’च्या परवानग्यांत शेवटचे अक्षर टी हवे. नसेल तर ‘सुडो सीएचमॉड १७७७ /टीएमपी’.

एवढे करूनही दार उघडले नाही तर ‘सुडो अॅडयुजर चाचणी’ने नवा वापरकर्ता करा आणि त्याच्या नावाने लॉगिन करून पाहा. तो आत गेला तर दोष तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘.प्रोफाइल’ किंवा ‘.कॉन्फिग’मध्ये. तोही परत फेकला गेला तर दोष सिस्टिमचा, आणि अलीकडे अपडेट झाले असेल तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. चालू होताना एस्केप (जुन्या बायॉसवर शिफ्ट) दाबून ग्रब (सुरुवातीची निवड-यादी) उघडा, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडा. पुसून नव्याने टाकणे हा शेवटचा उपाय; दुकानदाराला तो सोपा पडतो एवढेच.

प्रश्न : माझा संगणक ‘पासवर्ड चुकला’ असेच म्हणतो. पासवर्ड कागदावर लिहून ठेवला आहे, तो बरोबर आहे. (एक वाचक, पेडणे)

उत्तर : मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड घेतला आहे का? लॉगिनच्या वेळी तोच चालू राहिला, तर तुम्ही इंग्रजी ‘के’ दाबता आणि आत ‘क’ जातो. वर ठिपके असल्यामुळे कळत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती बदला. आत गेल्यावर कीबोर्डच्या यादीत इंग्रजी पहिल्या क्रमांकावर आणा. कॅप्स लॉकही पाहा, पण ते तुम्ही पाहिलेच असेल.

प्रश्न : डीएमईएसजीमध्ये आय-ओ एरर आहेत आणि ‘फाइल सिस्टिम रीड-ओन्ली केली’ अशी ओळ आहे. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये क्रमांक ५ समोर ४८, १९७ समोर ११२, १९८ समोर ११२. पुन्हा चालू केल्यावर ‘एफएससीके हाताने चालवा’ असे आले. चालवून ‘वाय’ म्हणू का? ५०० जीबीची डिस्क आहे. भजनी मंडळाची अनेक वर्षांची ध्वनिमुद्रणे तिच्यावर आहेत, दुसरी प्रत नाही. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ‘वाय’ म्हणू नका. एफएससीके ही फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड. ती दुरुस्ती करते ती लिहून, आणि या डिस्कवर आता एक अक्षरही लिहायचे नाही. आधी प्रत, मग प्रतीवर एफएससीके.

आकड्यांचा अर्थ असा. १९७ म्हणजे जे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) डिस्कला वाचता येत नाहीत आणि जे तिने ‘पुढे बघू’ म्हणून बाजूला ठेवलेत. त्यांच्यावर कुणी लिहिले आणि जागा खरोखरच खराब निघाली, की डिस्क तिथे राखीव सेक्टर लावते आणि ५ क्रमांकाचा आकडा वाढतो. जुना मजकूर मात्र तिथेच संपतो. १९८ म्हणजे डिस्कने स्वतः तपासताना न वाचता आलेले सेक्टर, इथे बहुधा तेच. म्हणजे ४८ सेक्टर आधीच बदलले गेले आहेत आणि ११२ रांगेत उभे आहेत. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर ११२ सेक्टर म्हणजे ५६ केबी. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये सुमारे साडेतीन सेकंदांचा अभंग. नुकसान एवढ्यावर थांबले तर नशीब. तेच सेक्टर फोल्डरच्या नोंदीत असतील तर अख्खे फोल्डर नाव हरवून बसते.

डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर पुढचे काहीच करू नका. वीज काढा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या; प्रत्येक मिनिटाला हेड तबकडी खरवडत असू शकते. आवाज नसेल तर हे घरी जमण्यासारखे आहे.

नवी डिस्क ५०० जीबी किंवा मोठी घ्या. त्याशिवाय मिंटचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (ज्यावरून मिंट इन्स्टॉल न करता थेट चालते) आणि आणखी एक छोटा पेन ड्राइव्ह लागेल. संगणक बंद करा, प्लग काढा, चालू करायचे बटण दहा सेकंद दाबून ठेवा, मग पेटी उघडा. नवी डिस्क साटाच्या (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या) दुसऱ्या केबलवर जोडा. नवी अडीच इंची एसएसडी असेल तर तिला एम३ स्क्रू लागतात. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात. ते दाबून बसवायला गेलात तर आटे जातील.

लाइव्ह पेन ड्राइव्हवरून चालू करा. फाइल मॅनेजरमध्ये जुन्या डिस्कवर क्लिक करू नका. क्लिक म्हणजे माउंट, म्हणजे डिस्क वापरात घेणे, आणि त्यात तिच्यावर लिहिले जाऊ शकते. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल जीडीडीआरेस्क्यू’ करा, हा आजारी डिस्कची प्रत घेणारा प्रोग्राम (पॅकेजच्या नावात सुरुवातीला जी आहे, कमांडमध्ये नाही). मग ‘एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल’ चालवा आणि डिस्कवरच्या चिकटपट्टीवरचा सिरियल क्रमांक अक्षरशः बोट ठेवून जुळवा. कमांडीत जुनी आधी, नवी नंतर. हा क्रम उलटला तर कोरी डिस्क भजनांवर उतरते, आणि त्याला औषध नाही.

पहिली फेरी: ‘सुडो डीडीआरेस्क्यू -एफ -एन’, मग जुनी डिस्क, नवी डिस्क, आणि शेवटी छोट्या पेन ड्राइव्हवरची नकाशाफाइल (काय वाचून झाले आणि काय उरले याची नोंद). ‘-एन’मुळे तो सोपे ते आधी उचलतो आणि अडलेल्या जागी झटापट करत नाही. दुसरी फेरी: ‘-एन’ काढून ‘-डी -एफ -आर३’, बाकी सगळे तेच, नकाशाफाइलही तीच. आता तो उरलेल्या जागांवर तीनदा परत जातो. नकाशाफाइल लाइव्ह सिस्टिमच्या फोल्डरमध्ये ठेवाल तर लाईट गेली की ती गेली आणि काम पहिल्यापासून. पेन ड्राइव्हवर असेल तर तीच कमांड पुन्हा द्या, जिथे थांबले तिथून पुढे चालू होते. पावसाळ्यात हे यूपीएसशिवाय सुरूच करू नका. निरोगी ५०० जीबीला दीड-दोन तास लागतात. आजारी डिस्क अख्खा दिवसही घेईल. घाई करून मध्ये बंद-चालू करू नका, अशी डिस्क पुन्हा फिरेलच याची खात्री नसते.

झाले की बंद करा आणि जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्हींचे यूयूआयडी (विभागांचे ओळखक्रमांक) आता एकच आहेत. दोन्ही जोडून चालू केले तर संगणक कोणतीही एक उचलेल, कदाचित जुनी. नवी डिस्क जुन्या केबलवर लावा, लाइव्हवरून पुन्हा या आणि तिच्या विभागावर ‘सुडो ई२एफएससीके -एफ’ चालवा. आता ‘वाय’ म्हणायला हरकत नाही. नाव हरवलेल्या फाइली ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये क्रमांकाने सापडतील, एकेक वाजवून ओळखाव्या लागतील. नवी डिस्क मोठी असेल तर जीपार्टेड हा विभाग बदलणारा प्रोग्राम ‘जीपीटी (विभागांचा तक्ता) दुरुस्त करू का’ विचारेल, हो म्हणा आणि विभाग ताणून घ्या. जुनी डिस्क सगळी गाणी तपासून होईपर्यंत टाकू नका.

प्रश्न : माझ्या डिस्कचे ५, १९७, १९८ तिन्ही शून्य, पण १९९ समोर १,२०० च्या वर आकडा आहे. डिस्क बदलायला सांगितले आहे. (एक वाचक, वास्को)

उत्तर : आधी केबल बदला. १९९ हा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेल्या निरोपांचा आकडा आहे, तबकडीचा नव्हे. समुद्राजवळ खारा वारा आणि ओल मिळून जोडण्यांवर गंज चढवतात. साटाची केबल सैल बसली तरी हेच होते. नवी केबल, शक्यतो क्लिप असलेली, दोन्ही टोकांना ‘टक्’ होईपर्यंत बसवा. हा आकडा कधीच खाली येत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा आणि आठवड्याने पाहा. वाढला नसेल तर डिस्कचे पैसे वाचले. वाढत राहिला तर मदरबोर्डवरचा दुसरा साटा पोर्ट वापरून पाहा.

प्रश्न : ५०० जीबीची डिस्क नीट चालते, फक्त हळू आहे, म्हणून ४८० जीबीची एसएसडी आणली. वापर जेमतेम ९० जीबी, तरी क्लोन (हुबेहूब प्रत) होत नाही. (एक वाचक, काणकोण)

उत्तर : होणार नाही. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये साधारणपणे ५००,१०७,८६२,०१६ बाइट असतात आणि ४८०च्या एसएसडीत सुमारे २० जीबी कमी. सेक्टरला सेक्टर अशी प्रत करणारा वापर किती ते पाहत नाही, डिस्कचे शेवटचे टोक पाहतो. ५१२ची घेतली असती तर प्रश्न आला नसता. पण परत करायची गरज नाही, कारण तुमची डिस्क निरोगी आहे. एसएसडीवर मिंट नव्याने टाका, वापरकर्त्याचे नाव जुनेच द्या, मग जुनी डिस्क जोडून होम फोल्डर ‘आरसिंक -एएचएएक्स’ने आणा (पहिले ए छोटे, एच, दुसरे ए आणि एक्स मोठे). डिस्क आजारी असती तर आधी तिची प्रतिमा बाहेरच्या मोठ्या डिस्कवर घ्यावी लागली असती; तीही फॅट३२ नको, कारण तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

जुन्या डिस्कची ‘एफस्टॅब’ फाइल (चालू होताना कोणते विभाग जोडायचे त्याची यादी) मात्र उचलून आणू नका. तिच्यात जुन्या विभागांचे यूयूआयडी असतात. ती डिस्क काढली की संगणक चालू होताना ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ म्हणत दीड मिनिट वाट पाहतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. जुनी डिस्क साठवणीसाठी जोडून ठेवणार असाल तर नव्या ‘एफस्टॅब’मधल्या तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घाला.