वाचक विचारतात : अक्षरं छान, पण परिच्छेद डागाळलेला

प्रश्न : सर, मी कोल्हापूरला अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिस्टर प्रोजेक्टला मराठी फॉन्ट घेतलाय, पुस्तकात चालेल असा. लेटरिंग बरं जमतं माझं, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या अशी कामं पण करते. पण फॉन्टमध्ये अक्षरं सुटी सुटी छान दिसतात आणि परिच्छेद टाइप केला की नुसते डाग, मधेच भोकं. गाइड म्हणतात सगळी जोडाक्षरं झालीच पाहिजेत. माझा इंग्रजी फॉन्ट अर्धा तयार आहे, त्याचेच तुकडे वापरले तर वेळ वाचेल का? आणि माझ्याकडे मॅक नाहीये.

उत्तर : शेवटचं आधी. मॅक नाही म्हणून काही अडत नाही. फॉन्ट बनवायचं ग्लिफ्स हे सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं हे खरं, पण फॉन्टफोर्ज फुकट आहे, विंडोजवर, लिनक्सवर चालतं, दिसायला जुनाट आहे आणि पहिले काही दिवस वैताग आणतं, पण काम होतं.

इंग्रजीचे तुकडे मात्र नको गं. 'ओ' कापून व, 'एन'ची कमान फिरवून ग, असं केलेले फॉन्ट बाजारात भरपूर आहेत आणि ते ओळखू येतात. आपला बोरू ज्या बाजूला तिरका कापतात त्याने जाड-बारीक रेघेची दिशा इंग्रजीच्या बरोबर उलटी येते, म्हणजे इंग्रजीतली गोलाई जिथे जाड होते तिथे आपली बारीक व्हायला हवी, आणि तू तुकडा उचललास की हे सगळं उलटं होऊन बसतं. तू लेटरिंग करतेस ना, मग रुंद टोकाच्या बोरूने व, न, प, म भरपूर लिही आणि त्याच्याकडे बघून ड्रॉ कर. इंग्रजीशी जुळवायचंय ते एवढंच की दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवले तर करडेपणा, म्हणजे लांबून दिसणारा एकूण काळेपणा, सारखा वाटावा.

आता डाग आणि भोकं, खरी गंमत इथेच आहे. लेटरिंगमध्ये अख्खा शब्द तुझ्या हातात असतो, 'शुभविवाह' लिहिताना व कुणाच्या शेजारी बसणार हे तुला आधीच माहीत असतं. फॉन्टमधला व कुणाच्याही शेजारी बसणार. म्हणून अक्षर ड्रॉ करत बसू नकोस, शब्द टाइप कर. आधी फक्त व न प म त स आणि काना, एवढ्यात 'पवन', 'नमन', 'वासना', 'समान' असे कितीतरी शब्द होतात, ते दहा पॉइंटला प्रिंट काढून बघ, स्क्रीनवर मोठं करून नको. हे शब्द एकसारखे दिसले की मगच द, ट, ठ, ड, ढ घे. या मंडळींना पूर्ण उभा दंड नाही, शिरोरेघेला मधोमध लटकतात आणि खाली दोन्हीकडे पांढरं सोडतात, म्हणून 'दगड', 'टाटा' मध्ये भोक पडतं. यांची शिरोरेघ आखूड करायची. देवनागरीत स्पेसिंग म्हणजे शेवटी शिरोरेघेची लांबीच, अक्षराच्या दोन्ही बाजूंना रेघ किती बाहेर काढायची एवढाच प्रश्न असतो. आणि रेघा एकमेकींवर जराशा चढू देत, नुसत्या टेकवल्यास तर स्क्रीनवर बारीक फट दिसते.

डाग पडतात ते क्ष, ज्ञ, ष्ठ, द्ध असल्यांचे. एवढ्याशा जागेत एवढ्या रेघा, आणि रेघेची जाडी 'व'च्या इतकीच ठेवलीस तर काळं दिसणारच. आतल्या रेघा बारीक कर, मोजून नाही, डोळे किलकिले करून. ऱ्हस्व वेलांटीकडे पण बघ. 'नि'ची वेलांटी 'स्थि'ला लावली तर तिची कमान दंडापर्यंत पोचतच नाही, अर्ध्यात लोंबकळते, म्हणून तीन-चार रुंदीच्या तरी वेलांट्या कराव्या लागतात.

गाइडशी बोल जरा. एका सेमिस्टरमध्ये टेक्स्टचा अख्खा सेट करायला गेलीस तर सगळंच अर्धवट होईल असं माझं स्पष्ट मत आहे. एकच वजन (म्हणजे अक्षरांची एकच जाडी), फक्त मराठी, असं ठरवून घे. युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक, त्याच्या देवनागरी ब्लॉकमध्ये १२८ जागा आहेत, पण त्यातल्या बऱ्याच सिंधी, काश्मिरी, वैदिक वगैरेसाठी आहेत, त्या सोड. जोडाक्षरं बहुतेक अर्ध्या अक्षरावर भागतात, वेगळी ड्रॉ करायला लागतात ती क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्य, द्ध अशी. पण मराठी म्हणतेस तर ल आणि श मराठी वळणाचेच हवेत, २००९ च्या शासन निर्णयात पण तेच आहेत. शिवाय ळ, ॲ, ऑ, आणि 'आचार्यांनी आचाऱ्यांना बोलावलं' हे वाक्य टाइप करून बघ, दोन्ही र वेगवेगळे आले तर ठीक.

पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये मात्रा उड्या मारायला लागल्या तर लगेच फॉन्टला दोष देऊ नकोस, आधी परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट बसवणारं त्यातलं सेटिंग) लावलाय का ते बघ.

दुसऱ्यांचं कामही बघ. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा मुक्ता हा फॉन्ट खुल्या लायसन्सवर आहे, तो फॉन्टफोर्जमध्ये उघडून वेलांट्या किती आहेत ते मोज. आणि करवीर नगर वाचन मंदिरात जुनी निर्णयसागर छापाची पुस्तकं मिळाली तर भिंग घेऊन बस. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेला हा छापखाना, शिशाच्या टाइपातली जोडाक्षरं त्या लोकांनी कशी बसवलीत ते बघताना तासभर कसा गेला कळत नाही.

प्रश्न : टाइप डिझाइन शिकायला परदेशातच जावं लागतं का? (नाशिक)

उत्तर : नाही. पवईच्या आयडीसीत, म्हणजे आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात, र. कृ. जोशी शिकवायचे, हो तेच कवी, विंडोज २००० मध्ये आलेला मंगल हा फॉन्ट त्यांचाच. टायपोग्राफी डे ही परिषद पण तिथूनच २००८ मध्ये सुरू झाला, त्याला विद्यार्थी म्हणून जाच. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाचं एमए चांगलंच आहे, नॉन-लॅटिन टाइपचा त्यांचा संग्रह तर बघण्यासारखा, पण खर्च प्रचंड. आधी इथे एक फॉन्ट वापरण्याजोगा करून मगच अर्ज कर, आणि पोर्टफोलिओत मोठ्ठ्या अक्षरांच्या पोस्टरआधी दहा पॉइंटचं छापलेलं पान ठेव.