जुन्या टीव्हीवर यूट्यूब

प्रश्न : आमच्याकडे ३२ इंची जुना एलईडी टीव्ही असून तो स्मार्ट नाही. आईला यूट्यूबवरील कीर्तने मोठ्या पडद्यावर पाहायची आहेत. मोबाइलच्या चार्जिंगच्या जागी लावून टीव्हीला जोडण्याची केबल आणली, पण चित्र उमटत नाही. घरात ब्रॉडबँड नाही, मोबाइलचा रोजचा २ जीबी डेटा आहे. नवा टीव्ही घ्यावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : केवळ यूट्यूबसाठी चालू स्थितीतला टीव्ही बदलू नये. त्या केबलने चित्र दिसण्यासाठी मुळात मोबाइलच्या टाइप-सी पोर्टमधून, म्हणजे चार्जिंगच्या जागेतून, व्हिडिओ बाहेर पाठवण्याची सोय असावी लागते. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक मोबाइलमध्ये ती नसते आणि कोणतेही सेटिंग बदलून ती आणता येत नाही. केबल परत करता आली तर करावी.

टीव्हीच्या मागे एचडीएमआय पोर्ट (चित्र आणि आवाज आत घेणारी जागा) असल्यास त्यात बसणारी फायर टीव्ही स्टिकसारखी स्टिक, म्हणजे साध्या टीव्हीवर इंटरनेटवरील व्हिडिओ दाखवणारे छोटे उपकरण, घ्यावी. जुन्या ३२ इंची टीव्हींचा पडदा बहुधा १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा असतो, त्यामुळे दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी फोर-के (अतिस्पष्ट चित्राच्या) मॉडेलवर जास्तीचे पैसे घालवू नयेत. स्टिकला वीज मात्र सोबतच्या अ‍ॅडॉप्टरनेच द्यावी, कारण टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून अनेकदा अर्धा अँपिअरच प्रवाह मिळतो आणि तो अपुरा पडला की स्टिक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते. टीव्ही भिंतीला चिकटून असेल, तर खोक्यातली आखूड एचडीएमआय जोडकेबल वापरावी; तिच्यामुळे स्टिक टीव्हीच्या पाठीआडून थोडी बाहेर येते आणि वायफायही बरे पकडते.

आपली खरी अडचण डेटाची आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट (त्याचे इंटरनेट वायफायने इतर उपकरणांना देण्याची सोय) सुरू करून स्टिक त्याला जोडता येते. त्यानंतर यूट्यूब स्टिकवरच चालते आणि आईंना केवळ रिमोट हाताळावा लागतो. परंतु चित्राच्या १०८०पी दर्जाला (आकडा जितका मोठा, तितके चित्र स्पष्ट) सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट लागतात असे धरले, तर तासाला सव्वादोन जीबी खर्च होतात, म्हणजे एक कीर्तन संपण्याआधीच दिवसाचा डेटा संपेल. ७२०पीला तासाला एक जीबीहून थोडा अधिक, तर ४८०पीला साधारण अर्धा जीबी पुरतो. कीर्तनात बुवा बहुतेक वेळ एकाच जागी उभे असतात आणि महत्त्व ऐकण्याला असते, तेव्हा ४८०पी निःसंकोच निवडावे. दर्जा ‘ऑटो’वर ठेवू नये; व्हिडिओ सुरू झाल्यावर सेटिंगच्या चाकावर जाऊन तो पाहून घ्यावा आणि ही एक गोष्ट आईंनाही दाखवून ठेवावी.