'अँटिपोप' म्हणजे तोतया पोप का?

प्रश्न असा: चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या युरोपच्या इतिहासात 'अँटिपोप' (एक पोप असताना त्याच पदावर दावा सांगणारा दुसरा) हा शब्द वारंवार येतो. त्याला 'तोतया पोप' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. दुसऱ्याच माणसाचं नाव घेऊन 'तो मीच' म्हणणारा तो तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेला आणि १७७६ मध्ये देहदंड झालेला माणूस खरा तोतया. युरोपात हा शब्द पर्किन वॉरबेकला नेमका लागू पडतो. चौथ्या एडवर्डचा मुलगा रिचर्ड असल्याचं सांगून त्याने इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगितला आणि १४९९ मध्ये तो फासावर गेला. अँटिपोप आपली ओळख लपवत नाही. वाद असतो तो त्याची निवड वैध की अवैध, याचा.

१३७८ सालचंच घ्या. एप्रिलमध्ये रोमला कार्डिनलांनी (पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंनी) सहाव्या अर्बनला निवडलं, तेव्हा बाहेर जमाव रोमन, निदान इटालियन तरी पोप हवा म्हणून ओरडत होता. पुढे अर्बनशी बिनसलं. मग त्याच कार्डिनलांपैकी बहुतेकांनी 'ती निवड धाकाखाली झाली' म्हणत सप्टेंबरमध्ये फोंदीला सातव्या क्लेमेंटला निवडलं. निवडणारे तेच, पोप मात्र दोन! इथे तोतया कोणाला म्हणणार?

'प्रतिपोप' हाच शब्द योग्य. यातला 'प्रति' प्रतिपंढरपुरातला नव्हे, प्रतिसरकारातला: प्रतिकृती नव्हे, समांतर सत्ता. 'विरोधी पोप' मात्र टाळावं. त्यातून नुसताच विरोध दिसतो, पदावरचा दावा दिसत नाही.

तरी प्रतिपोप हा नंतरचा निवाडा आहे, हे विसरू नये. फ्रान्स आणि स्कॉटलंड क्लेमेंटला पोप मानत होते, इंग्लंड अर्बनला. म्हणून घटना सांगताना 'रोमचा पोप' (अर्बन) आणि 'आव्हिन्योंचा पोप' (आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्योंला राहिलेला क्लेमेंट) लिहावं. या भांडणाला 'दुफळी' म्हणायचं तर १४०९ पर्यंतच. त्या वर्षी पिसाच्या परिषदेने दोघांनाही पदच्युत करून पाचव्या अलेक्झांडरला निवडलं, जुने दोघे हटेनात, आणि पोप तीन झाले. १४१७ मध्ये पाचव्या मार्टिनची निवड होईपर्यंतच्या सगळ्या काळाला 'फूट' म्हणावं. 'पंथभेद' नको, कारण धर्ममत सगळ्यांचं एकच होतं.

अनुवादात हमखास चूक होते ती क्रमांकांची. काही प्रतिपोपांचे क्रमांक पुढे पुन्हा वापरले गेले. आठव्या हेन्रीला घटस्फोट नाकारणारा सातवा क्लेमेंट १५२३ मध्ये निवडलेला, म्हणजे वेगळाच. तेविसावा जॉनही दोनदा येतो: एकाला १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने काढलं, दुसरा १९५८ मध्ये निवडला गेला. म्हणून अशा नावापुढे साल लिहावंच.