वयाने मोठी माणसं बार्बी का जमवतात?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर बायकोने बार्बी घ्यायला सुरुवात केली. आता कपाटात चौदा आहेत, त्यातल्या पाच खोक्यातून बाहेरही काढलेल्या नाहीत. मुलगा त्यांच्याशी खेळत नाही. मोठ्या माणसाला यात आवडण्यासारखं काय असतं आणि आपण काळजी करावी का, हा तुमचा प्रश्न आहे.

काळजीचं आधी सांगते. वहिनी स्वतःच्या पगारातून घेतात, घरखर्चाला हात लावत नाहीत आणि काही लपवत नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय. मग काळजीचं कारण नाही. आवडण्यासारखं काय असतं, ते मात्र सविस्तर सांगावं लागेल.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. वय 46, माझ्याकडे 31 बाहुल्या आहेत. लहानपणी एकही नव्हती. आमच्या चाळीत एका घरी शोकेसमध्ये साडी नेसलेली बार्बी असायची, प्लास्टिकच्या पिशवीसकट उभी. कुणालाही हात लावू देत नसत. आई घरी ब्लाउज शिवायची, त्यामुळे मला कपडा कुठे कसा धरलाय हे बघायची सवय. काचेला नाक लावून मी एकच विचार करायचे, हिच्या निऱ्या सुटत कशा नाहीत? सदतिसाव्या वर्षी तसलीच एक बाहुली जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळाली. लिओ मॅटेल नावाने त्या काळी बार्बी भारतात बनायच्या, त्यातली. घरी आणून साडी अलगद उचलून पाहिली. निऱ्या आतून शिवलेल्या होत्या आणि पदराला खांद्यावर दोन टाके. शाळेत पडलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याचा इतका आनंद मला क्वचितच झालाय.

दुसऱ्या दिवशी ती आईला दाखवली. गुडघ्यांमुळे तिने मशीनवर बसणं सोडलं होतं. तिने चष्मा लावला, बाहुलीचं ब्लाउज उलटून शिवण बघितली आणि म्हणाली, "हे काय, टक्ससुद्धा नाहीत? पोतं घातलंय नुसतं." मग गिऱ्हाइकांच्या मापांची जुनी वही मागवली, बाहुलीला टेप लावला आणि शेवटच्या पानावर लिहिलं: बार्बी, छाती सव्वापाच, कंबर साडेतीन. आठवडाभर खपून आम्ही दोघींनी तिला कटोरी ब्लाउज शिवलं. एकेक कटोरी माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. हूक लावायला जागाच नव्हती, म्हणून सगळ्यात लहान टिचबटण लावलं. वही अजून माझ्याकडे आहे आणि त्या पानावर आता इतरही मापं आहेत.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं म्हणजे एवढंच. तान्ह्या बाळासारखी बाहुली असते ती मांडीवर घ्यायची, थोपटायची, झोपवायची. फॅशन डॉल वेगळी. तिचं शरीर कपड्यासाठी बनवलेलं असतं, आणि कपडा कसा बेततात, कसा शिवतात, कोणत्या काळात काय घालत होते, हे सगळं तिच्यामुळे दोन हातांत मावतं. ज्याला कपड्यात रस आहे त्याला तिच्यात रस वाटणारच, वय काहीही असो.

मुळात ही गोष्ट मुलांची नव्हतीच. छापील फॅशन मासिकं यायच्या आधी पॅरिसचे नवे कपडे युरोपातल्या दरबारांत पोहोचायचे ते बाहुल्यांच्या अंगावर. 1945 मध्ये, युद्धामुळे पॅरिसमध्ये कापडाचा दुष्काळ असताना, तिथल्या मोठमोठ्या फॅशन घराण्यांनी तारेच्या, माणसाच्या साधारण एक तृतीयांश उंचीच्या बाहुल्या करून त्यांच्यावर आपला नवा हंगाम मांडला. तेआत्र द ला मोद असं त्या प्रदर्शनाचं नाव. बटणं खरोखर लागणारी, खिसे खरे, आतलं अस्तरही खरं. त्यातल्या कितीतरी बाहुल्या आज अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत. एकदा तरी त्या प्रत्यक्ष बघायच्या, असं मी ठरवलंय.

बार्बीची आधीची बहीण म्हणावी अशी जर्मनीतली बिल्ड लिली तर एका वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रावरून आली होती. ती 1955 पासून विकली जायची, आणि सुरुवातीचं गिऱ्हाईक मोठी माणसंच. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीच्या सहसंस्थापक रूथ हँडलर यांनी ती युरोपच्या प्रवासात पाहिली आणि 9 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत बार्बी आणली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख, केसांची पोनीटेल, किंमत 3 डॉलर. पहिल्या तुकडीच्या बाहुल्यांच्या तळपायाला भोकं होती आणि आत तांब्याच्या नळ्या, म्हणजे स्टँडच्या दांड्यांवर ती उभी राहायची. ती भोकं दिसली की जाणकारांचे श्वास अडकतात.

माझा जीव मात्र त्या पहिल्या काही वर्षांच्या कपड्यांत अडकलाय. शार्लट जॉन्सन नावाच्या फॅशन डिझायनर हे कपडे बेतायच्या. शिवण जपानमध्ये व्हायची आणि ती बघायला त्या स्वतः तिकडे जाऊन राहिल्या. 29 सेंटिमीटरच्या बाहुलीच्या कोटाला अस्तर, बोटभर लांबीची चालणारी झिप, मोहरीएवढी बटणं. 1960 चा बिझी गॅल नावाचा लाल सूट आहे. त्याच्यासोबत चष्मा आणि एक छोटी फाइल येते आणि त्या फाइलमध्ये कपड्यांची रेखाटनं आहेत. म्हणजे ही बाई फॅशन डिझायनर, कामाला निघालेली. 1965 मध्ये ती अंतराळवीरही झाली, माणूस चंद्रावर उतरायच्या चार वर्षं आधी. असले संच ओळीने मांडले की काळ कसा सरकत गेला ते कापडातून दिसतं. केसांची उंची, झग्याची लांबी, पापण्यांचा रंग, सगळं बदलत जातं.

मी मूळ जुने संच घेऊ शकत नाही, ते फार महाग पडतात. म्हणून मी शिवते. आणि शिवायला बसलं की कळतं की हे काम नुसतं लहान करण्याचं नाही. बार्बी साधारण एकास सहा या मापात असते. सव्वाआठ मीटरचं नऊवारी सहाने भागलं तर लांबी 1.37 मीटर येते, पन्हा 19 सेंटिमीटर. आकडे सहाने भागता येतात, पण कापडाची जाडी भागता येत नाही. आपल्या अंगावर चापून बसणाऱ्या निऱ्या तिच्या पोटावर गठ्ठा होऊन उभ्या राहतात. मी आता लांबी सव्वा मीटरच्या आत ठेवते, निऱ्या कमी घेते आणि कापड निवडते ते जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या मलमलचं. काठाला जांभळी नाक्याच्या लेसवाल्याकडची सगळ्यात अरुंद जर. काष्टा हा आणखी वेगळा प्रश्न. सरळ कडक पायांच्या बाहुलीला तो बसतच नाही. 2015 मध्ये मेड टू मूव्ह नावाची 22 सांध्यांची बार्बी आली, तिच्यावर पहिल्यांदा मला नीट काष्टा घालता आला. ती मांडी घालून बसते तेव्हा ओचा जागच्या जागी राहतो!

खण मात्र या मापासाठीच विणल्यासारखा वाटतो. त्याची नक्षी मुळातच बारीक, त्यामुळे बाहुलीच्या चोळीवर ती बेढब दिसत नाही. फक्त गडद लाल किंवा निळा खण थेट अंगाला लावू नये, बाहुलीचं विनाइल, म्हणजे तिच्या अंगाचं प्लास्टिक, रंग शोषून घेतं आणि तो डाग सहजी निघत नाही. मी आत पांढरं अस्तर घालते.

तुमच्या घरी गौरी येत असतील तर वहिनींना एकदा बघा. मुखवटा बसवल्यावर साडीच्या निऱ्या सारख्या करताना, पदर पिनेने धरताना, दोन पावलं मागे जाऊन बघताना बाईच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असते, तीच ही. ती पूजा आहे आणि हा छंद, मला दोन्हीची सरमिसळ करायची नाही. पण हात तेच आहेत, नजर तीच आहे. वर्षातून तीन दिवस आपण ती कौतुकाने बघतो, उरलेल्या दिवसांत तीच गोष्ट कपाटात दिसली की आपल्याला प्रश्न पडतो.

आता न उघडलेल्या खोक्यांबद्दल. मी स्वतः उघडणारी आहे, पण न उघडणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. खोक्याचं चित्र, आतला पुठ्ठ्याचा देखावा, बाहुली ज्या कोनात बांधलीय तो कोन, हे सगळं मिळून एकच वस्तू असते. दोरा एकदा कापला की ती मांडणी पुन्हा होत नाही. शिवाय बाहुलीचं खरं साल खोक्यावरूनच नक्की करता येतं. अंगावरच्या शिक्क्यावर विसंबू नका. कितीतरी बार्बींच्या पाठीमागे 1966 असं कोरलेलं असतं, ते शरीराच्या साच्याच्या हक्काचं साल आहे, बाहुली बनली ते नव्हे. लिओची ती बाहुली घेतल्यावर पुढच्या वर्षी मी एका विक्रेत्याकडून "1966 ची" म्हणून एक घेतली, पैसे मोजून. ती 90 च्या दशकातली निघाली. वहिनींना हे माहीत असेलच, तरी सांगितलेलं बरं.

यात गुंतवणूक आहे का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणते. 1988 ची पहिली हॉलिडे बार्बी, म्हणजे नाताळच्या हंगामासाठी खास काढलेली, पुढे महाग झाली, म्हणून 90 च्या दशकात लोकांनी दरवर्षीची हॉलिडे बार्बी खोक्यासकट जपून ठेवली. सगळ्यांनीच जपल्यामुळे आज त्यांना फारशी किंमत येत नाही.

एक कारण बाहेरून दिसत नाही, ते म्हणजे दुरुस्ती. जुन्या बाहुल्यांच्या कानातल्या धातूमुळे कानाभोवती हिरवा डाग पसरतो. पाय चिकट होतात, कारण प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं. काहींच्या डोक्यात भरलेला गोंद वर्षानुवर्षं पाझरून केस तेलकट करतो. मग कानातलं काढायचं, डागावर पिंपल्सचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम लावून वाट बघायची. डाग फिका होतो, कधी परत वर येतो. केसांना टाल्कम पावडर, मग शाम्पू, पुन्हा पावडर. गुंता टोकापासून सोडवत वर जायचं, एकेक बट. माझी नोकरी दिवसभर आकडे जुळवण्याची आहे आणि तिथलं काम कधी संपलं असं होत नाही. एका बाहुलीचे केस तीन रात्रींत मोकळे होतात आणि ते झाल्याचं डोळ्यांना दिसतं. आई गेली त्या पावसाळ्यात मी दुसरं काहीच करू शकले नाही, पण एका काळवंडलेल्या बाहुलीचे केस पूर्ण सोडवले. आईने तिचं माप आधीच लिहून ठेवलं होतं.

चेहरे नव्याने रंगवणारेही आहेत. मी एकदाच प्रयत्न केला, जुलै महिन्यात. रंगाखाली मारायचा मॅट स्प्रे दमट हवेत पांढरा पडतो, त्यामुळे सगळा चेहरा धुरकट झाला. ठाण्यात हे काम दिवाळीनंतरच करावं.

बार्बीच्या शरीरावर जी टीका होते ती मला मान्य आहे. आईच्या वहीतली कंबर सहापट केली तर 21 इंच भरते आणि तशी बाई मी बघितलेली नाही. कंबरेवर कापडाचे थर चढून जाडी वाढते म्हणून ती बारीक ठेवली, असं एक कारण सांगतात. शिवताना त्यात तथ्य वाटतं, पण लहान मुलीला ते कोण समजावणार? 2016 मध्ये उंच, बुटक्या आणि भरल्या अंगाच्या बार्बी आल्या. भरल्या अंगाची माझ्याकडे आहे आणि सहावारी तिच्यावरच सगळ्यात छान बसते.

तर वहिनींना "का घेतेस" असं विचारण्याऐवजी त्यातली एक काढून दाखवायला सांगा आणि तिच्यातलं काय आवडलं ते ऐका. कदाचित त्या शिवणीबद्दल बोलतील, कदाचित रंगाबद्दल, कदाचित लहानपणच्या एखाद्या शोकेसबद्दल. हातात दिली तर कंबरेला धरा, केसांना नको. आणि कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर असेल तर येत्या रविवारी ते हलवायला मदत करा. उन्हाने खोक्यांचे रंग उडतात. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा, म्हणजे पावसाळ्यात ओल लागणार नाही, आणि कपाटाच्या प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.