ओकचं सूत्र किनवटच्या सागाला चालेल का?

प्रश्न : ओक या झाडाच्या नैसर्गिक जंगलात झाडांची वाढ आणि लाकूड सूत्राने काढतात, असं वाचलं. आमच्या रानात आपोआप उगवलेला साग आहे. तेच सूत्र लावू का? व्यापारी गोलाईचा चौथा भाग धरून हिशोब करतो, तो बरोबर आहे का?
— एक शेतकरी, ता. किनवट, जि. नांदेड

उत्तर : साचा घ्या, आकडे घेऊ नका. घनमान = अ + ब × व्यास² × उंची, हा साचा सागालाही बसतो. पण खोड वर किती निमुळतं होतं हे जातीगणिक, जागेगणिक बदलतं. म्हणून अ आणि ब हे सूत्रातले ठरावीक आकडे तुमच्याच रानातून काढावे लागतात. त्यासाठी वादळाने पडलेली किंवा परवानगीने तोडलेली झाडं मोजा (मालकीचा असला तरी साग तोडायला परवानगी लागतेच). बारीक, मध्यम, जाड, सगळी घ्या; नुसती जाड घेतली की बारीक झाडांचा अंदाज कोलमडतो.

उभ्या झाडाची गोलाई जमिनीपासून 1.37 मीटरवर घ्या, उतारावर वरच्या अंगाने. जुन्या सागाच्या बुंध्याला पन्हळीसारख्या खाचा असतात. टेप त्यांच्यावरून ताणली जाते आणि नसलेलं लाकूड मोजलं जातं. खाच असेल तिथून वर सरका आणि किती सरकलात ते वहीत लिहा.

आता व्यापारी. 3 मीटरचा ओंडका, मध्यावर गोलाई 120 सेंमी. चौथा भाग 30 सेंमी, म्हणून 0.30 × 0.30 × 3 = 0.27 घनमीटर. खरं घनमान गोलाई² ÷ 12.57 × लांबी, म्हणजे 0.34. साडेएकवीस टक्के कमी भरलं. ही लबाडी नव्हे, चिराईतली तूट धरणारी जुनी रीत आहे. मात्र भाव कोणत्या घनफुटाचा, हे आधी विचारा: एकाच ओंडक्यात एका रीतीने साडेनऊ घनफूट, दुसरीने बारा.

वाढीसाठी खोडातली वलयं मोजा, दर वर्षाला एक. पानगळीच्या ओकसारखीच सागाच्या दर वलयाच्या सुरुवातीला मोठी छिद्रं असतात. ओंडक्याचा छेद रंध्याने गुळगुळीत केला की भिंगातून ती स्पष्ट दिसतात. बाहेरची 10 वलयं मिळून 2.5 सेंमी भरली, तर ती त्रिज्येची वाढ. व्यास 5 सेंमीने वाढला, गोलाई 15.7 सेंमीने. इथेच निम्मे लोक चुकतात. शिवाय 10 वर्षांत दुष्काळी साल असेल तर त्याचं वलय बारीक निघू शकतं. ते गाळून सरासरी काढू नका, दुष्काळ पुन्हा येणारच आहे. आणि मोठ्या झाडांच्या सावलीत दबलेली झाडंही मोजणीत असू द्या.