वाचकांचे प्रश्न : मोबाईल, मुलं आणि घरातली भीती

प्रश्न : ताई, मुलगी १३ वर्षांची आहे. इन्स्टाग्राम हवंय म्हणून रोज भांडण. ती झोपली की मी तिचा फोन चेक करते, तिचा पासवर्ड मला माहितीये हे तिला माहीत नाही. परवा तिचं मैत्रिणीशी चॅटिंग वाचलं तर त्यात माझ्याबद्दलच काहीबाही लिहिलेलं. आता बोलताही येत नाही आणि गप्पही बसवत नाही. चेक करणं बंद करू का?

उत्तर : चोरून बघणं बंद करा, लक्ष ठेवणं बंद करू नका. तिला कळलं ना की आई लपून वाचते, तर ती सुधारणार वगैरे काही नाही, दुसरं अकाउंट काढेल आणि मग खरं काही बिघडलं तर ते तुमच्या नजरेलाच पडणार नाही. तुमच्याबद्दल लिहिलंय ते सोडून द्या, या वयात मुलं मैत्रिणीजवळ आईबद्दल कुरकुर करतातच. पण इतके दिवस फोन बघत होते हे तिला स्वतःहून सांगा. चिडेल, चिडू दे.

आता इन्स्टाग्रामचं. तिथे १३ वर्षं पूर्ण हवीत, ती तिची झालीत, त्यामुळे द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण द्यायचं असेल तर जन्मतारीख खरीच टाका. हे मी मुद्दाम सांगतेय कारण कितीतरी घरांत आईवडीलच वय १८ च्या वर दाखवून अकाउंट काढून देतात आणि तिथेच सगळं फसतं. सप्टेंबर २०२४ पासून इन्स्टाग्रामने टीन अकाउंट, म्हणजे १८ च्या आतल्या मुलांसाठीचं अकाउंट आणलंय, त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, आणि १६ च्या आतल्या मुलांना यातलं काही ढिलं करायचं तर पालकांची परवानगी लागते. वय खोटं टाकून १८ च्या वर दाखवलं की ॲपच्या हिशोबात ती मोठी बाई, मग यातलं आपोआप काहीच लागू होत नाही. सेटिंग तिच्या शेजारी बसून करा, मुलांच्या फोनवर मर्यादा घालणारं गुगलचं फॅमिली लिंक किंवा आयफोनचं स्क्रीन टाइम लावणार असाल तर तेही तिला सांगूनच. आणि रात्री फोन बेडरूमच्या बाहेर चार्जिंगला, तिचाही आणि तुमचाही.

प्रश्न : माझं नाव छापू नका. मी १५ वर्षांचा आहे. गेममध्ये एका मुलीशी ओळख झाली, तिने तसला फोटो मागितला आणि मी पाठवला. आता ती पैसे मागतेय, नाहीतर माझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवीन म्हणते. घरी सांगितलं तर फोन जाईल आणि बाबा मारतील. काय करू?

उत्तर : अरे, आधी हे वाच. गुन्हा समोरच्याने केलाय, तू नाही. आणि ती बहुतेक मुलगी नाहीच, असे लोक टोळीने काम करतात आणि एकाच वेळी कितीतरी मुलांना हेच मेसेज पाठवत असतात. पैसे देऊ नकोस, दिले की थांबत नाहीत, आकडा वाढवतात. नवा फोटो तर अजिबात नाही, काहीही धमकी दिली तरी. घाबरून चॅट डिलीट करू नकोस, तो पुरावा आहे. धमकीचे मेसेज, युजरनेम, पैसे कुठे पाठवायला सांगितलेत ते, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ, मग रिपोर्ट कर, ब्लॉक कर.

'टेक इट डाउन' नावाची एक फुकट सर्व्हिस आहे, हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने २०२३ मध्ये सुरू केली, १८ च्या आत काढलेल्या अशा फोटोंसाठीच. फोटो तिथे अपलोड होत नाही, तुझ्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा बनतो आणि फक्त तो ठसा जातो, त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, टिकटॉक अशा सामील कंपन्या तो फोटो ओळखून काढू शकतात. नावही द्यावं लागत नाही. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये मात्र हे चालत नाही.

पण हे सगळं एकट्याने करत बसू नकोस. आजच एका मोठ्या माणसाला सांग. बाबांची भीती वाटते तर आई, मावशी, काका, शाळेतल्या बाई, ज्यांच्याशी बोलवेल ते. तोंडातून शब्द फुटत नसतील तर हे पान त्यांच्या हातात दे. पोलिसांकडे जायला तेच सोबत येतील. आणि जीव नकोसा वाटतोय असं क्षणभर जरी मनात आलं तरी एकटा राहू नकोस, त्याच क्षणी कुणालातरी उठव, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आणि हे वाचणाऱ्या आईबाबांनो, या पोराला धमकी देणाऱ्याइतकीच घरच्यांची भीती वाटतेय, हे मला सहन होत नाही. ब्लॅकमेल करणारे नेमकं यावरच जगतात, मूल घरी सांगणार नाही याची त्यांना खात्री असते. आज जेवताना मुलांना स्पष्ट सांगा की काहीही झालं, कितीही लाज वाटली तरी मला सांगितलंस म्हणून तुझा फोन जाणार नाही. आणि वेळ आली की शब्द पाळा, नाहीतर मूल पुन्हा कधीच सांगणार नाही.

प्रश्न : वय ६८. नातवाच्या आवाजात फोन आला, अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा. मी पाठवणारच होतो, शेजाऱ्यांनी अडवलं. आता मुलगा म्हणतो, बाबा तुम्ही स्मार्टफोन वापरूच नका.

उत्तर : काका, तुम्ही वेंधळे नाही आहात. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून हुबेहूब आवाज बनवता येतो आता, कुणीही फसेल. असा फोन आला की ठेवून द्या आणि नातवाच्या सेव्ह केलेल्या नंबरवर स्वतः लावा. घरात एक खुणेचा शब्द ठरवा, पैशाचा विषय निघाला की तो विचारायचा, सांगता आला नाही तर फोन बंद. फोनवर आलेला सहा आकडी कोड कुणालाच सांगायचा नाही, ओळखीच्या नावाने मेसेज आला तरी नाही, कारण त्याचंच अकाउंट कुणीतरी पळवलेलं असू शकतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये अकाउंटवर जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे तुम्ही ठरवलेला आणखी एक पिन, मुलाकडून चालू करून घ्या.

तुमच्या मुलालाही सांगायचंय. फोन काढून घेतलात तर पुढच्या वेळी बाबा तुम्हाला सांगणारच नाहीत. वर त्या १५ वर्षांच्या पोराचं झालंय तसंच.

प्रश्न : माझी ८ वर्षांची मुलगी म्हणते माझे फोटो फेसबुकवर टाकू नको. एवढ्याशा पोरीचं ऐकायचं का?

उत्तर : ऐकायचं. फोटो तिचा आहे. जुने फोटो तिला शेजारी बसवून दाखवा, ती नको म्हणेल ते काढून टाका, आणि शाळेचं नाव दिसणारे, लोकेशन टॅग केलेले तर तिने काही म्हटलं नाही तरी काढा.