आधी बुश, मग अँगल

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की जपानात असताना माझ्याकडे एक जुनी निस्सान सिल्व्हिया होती आणि सुट्टीच्या दिवशी मी ती ट्रॅकवर आडवी चालवायचो. झालं. ॲव्हरेज पडतंय, क्लच जळतोय, सीएनजी बसवू का, ही नेहमीची पत्रं बाजूला राहिली आणि यावेळी पाकिटातून निघाली ती सगळी ड्रिफ्टची, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवत आडवी चालवण्याची. त्यातली तीन घेतो. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण त्याने पैसे अजून खर्च केलेले नाहीत.

प्रश्न : काका, मी मूळचा इचलकरंजीचा. सध्या नागोयाजवळ नोकरीला आहे. दोन महिन्यांपूर्वी १९९७ सालची निस्सान सिल्व्हिया एस१४ घेतली. टर्बो नाही, पण गिअर मॅन्युअल. सुझुका ट्विनला तीनदा जाऊन आलो. गाडी आडवी जाते, पण जरा जास्त गेली की स्टिअरिंग पूर्ण वळवूनही पुरत नाही आणि गरकन फिरते. इथले मित्र म्हणतात, सरळ मोठा अँगल किट टाक, चाक साठ अंशांपर्यंत वळतं. माझ्याकडे एकाच मोठ्या खरेदीपुरते पैसे आहेत. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) आधी घेऊ की अँगल किट? गाडी रोज कामावरही न्यायची आहे.

उत्तर : भावा, दोन्ही आत्ता नको. आधी गाडी उचल, घोड्या लाव आणि खाली जाऊन झोप.

तुझ्या गाडीच्या रबरांचं वय मोज. १९९७ पासूनचे बुश, म्हणजे जोडांमधली रबरं, अजून त्यातच असतील, तर तुझं सस्पेन्शन लोखंडाचं नाही, शिळ्या भाकरीचं आहे. पुढच्या लोअर आर्मला (चाकाला खालून धरणारा दांडा) पुढून येऊन धरणारा टेन्शन रॉड असतो, त्याच्या बुशमध्ये टॉमी (लोखंडी सळई) घालून हलवून बघ. रबर फाटलेलं असेल तर ब्रेक मारताना चाक मागे सरकतं, गॅस देताना पुढे येतं, आणि दर वेळी अलाइनमेंट बदलते. मग चाक घड्याळाच्या नऊ आणि तीनवर धरून हलव. प्ले लागला तर टाय-रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, गेलाय. बारा आणि सहावर प्ले लागला तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. शेवटी मित्राला गाडीत बसव, इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे करायला सांग आणि तू फक्त रॅककडे, म्हणजे टाय-रॉडना डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या दातेरी दांड्याकडे, बघ. जुन्या सिल्व्हियात रॅक धरून ठेवणारी रबरं इतकी मऊ होतात की आधी अख्खा रॅकच बाजूला डुलतो, मग चाक वळतं. तू स्टिअरिंग वळवतोस त्यातलं थोडं तिथेच मुरतं. तुला न पुरणारा अँगल तिथेही असू शकतो.

तसाच मागेही जा. एस१४ च्या काही गाड्यांना सुपर हायकास यायचं, म्हणजे मागची चाकंही किंचित वळवणारी यंत्रणा. मागच्या सबफ्रेमपाशी दुसरा छोटा रॅक दिसला तर तुझ्या गाडीला ते आहे. त्याचे जॉइंट झिजले की मागची चाकं तुला न विचारता वळतात. ते लॉक करणारा बार मिळतो. स्वस्त असतो. तोच पहिला घे.

आता तुझ्या गरकन फिरण्याबद्दल. तीन दिवसांच्या अनुभवावर गाडी फिरते ती बहुतेक वेळा अँगल कमी म्हणून नाही, हात उशिरा म्हणून. सावकाश वळवलेलं स्टिअरिंग शेवटी लॉकला, म्हणजे वळण्याच्या हद्दीला, पोचतं तेव्हा गाडी आधीच निघून गेलेली असते, आणि माणसाला वाटतं लॉक कमी पडला. माझंही असंच होतं. एका म्हाताऱ्या गॅरेजवाल्याने मला बाजूला बसवलं आणि मागचा भाग सुटला त्या क्षणी स्टिअरिंग चक्क सोडून दिलं. ते आपोआप उलट बाजूला भर्रकन फिरलं. त्याने दोन बोटांनी थांबवलं, बस्स.

हे काम कास्टरचं. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची चाकं आठव, ढकलशील त्या दिशेला ती स्वतःच वळतात. गाडीच्या पुढच्या चाकाचा वळण्याचा अक्ष वरून मागे कललेला असतो, म्हणून तेही गाडी सरकेल तिकडे बघू लागतं. हा कल वाढवला की स्टिअरिंग स्वतःहून जोरात परततं. ॲडजस्टेबल टेन्शन रॉड लावून कास्टर सात अंशांच्या आसपास आणलास, तर पहिल्याच दिवशी हाताला फरक कळेल.

कॉइलओव्हर त्यानंतर. स्प्रिंग पुढे ८ किलो, मागे ६ किलो, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला लागणारं वजन. तिथे दुकानात विचारलंस तर ‘माए हाची, उशिरो रोकु’ म्हणतील. उशिरो म्हणजे मागे. उशिरा येणारा मागेच बसतो, म्हणून मला तो शब्द पहिल्याच दिवशी पाठ झाला. पण नुसतं हाची-रोकु म्हटलं तर टोयोटाची जुनी एई८६ असाही अर्थ होतो, आणि मी काउंटरवर पाच मिनिटं ‘माझी टोयोटा नाही’ हेच समजावत होतो. असो. ज्याची उंची खालच्या ब्रॅकेटवरून बदलते तोच सेट घे. स्प्रिंगची कॉलर फिरवून गाडी खाली आणलीस तर स्प्रिंग सैल पडते किंवा शॉकअपचा वर-खाली प्रवास संपतो.

आणि फार खाली आणू नकोस. रोज कामावर न्यायची आहे म्हणजे दर दोन वर्षांनी शाकेन, म्हणजे तिथली सक्तीची गाडीतपासणी, आलंच, आणि त्यात जमिनीपासून ९ सेंटिमीटर मोकळे लागतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पुढचा लोअर आर्म जमिनीला समांतर किंवा चाकाकडे किंचित उतरता हवा. गाडी इतकी बसवलीस की आर्म चाकाकडे चढायला लागला, तर रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, जमिनीत जातं. गाडी फोटोत देखणी दिसते आणि वळणावर म्हशीसारखी लोळते. टाय-रॉडही आर्मशी समांतर राहिला पाहिजे, नाहीतर प्रत्येक उंचवट्यावर चाक स्वतःच वळेल.

कॅम्बर, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर किती झुकलंय ते (आत झुकलं तर उणे), मोजायला मशीन लागत नाही. उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर मी जे शिकलो त्यातलं सर्वांत उपयोगी हत्यार गवंड्याकडचं निघालं. ओळंबा. तुझी चाकं १७ इंची असतील तर रिमची वरची कड ते खालची कड साधारण साडेचारशे मिलिमीटर. एवढ्या उंचीत एक अंश म्हणजे ८ मिलिमीटर. सपाट जमिनीवर दोरा सोड, खालच्या कडेला टेकव. वरच्या कडेपाशी ३२ मिलिमीटर फट दिसली की कॅम्बर उणे ४. पुढे तेवढा लागतोच. उजव्या वळणावर गाडी आडवी असते तेव्हा भार डाव्या चाकावर, आणि स्टिअरिंगही डावीकडेच वळलेलं. कास्टरमुळे ते डावं चाक वळता वळता वरून बाहेर झुकतं. सरळ उभं असताना उणे ४ दिलं असेल तर लॉकवर ते जवळपास सपाट बसतं. मागे मात्र उणे १ पुरे. मागचा टायर जळायचाच आहे, निदान सगळ्या रुंदीने जळू दे.

एवढं सगळं झालं, दोन-तीन महिने चालवलं आणि तरीही लॉक कमी वाटला, तर रॅक आणि आतल्या टाय-रॉडमध्ये बसणारे स्पेसर घे. तीन मिलिमीटरचे. रॅक तेवढा जास्त सरकतो आणि चाक काही अंश जास्त वळतं. याहून जाड घालून रॅकचे दात संपवू नकोस.

मोठा किट, एस्टोनियाच्या वाइसफॅबसारखा, वाईट नाही. फक्त तो तुझ्यासाठी आत्ता नाही. त्यात आर्म, नकल (चाक ज्यावर बसतं तो तुकडा, स्टिअरिंग आर्म त्यालाच असतो), सगळं बदलतं, कारण नुसता अँगल वाढवून भागत नाही. रस्त्यावरच्या गाडीत आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं, त्याला ॲकरमन म्हणतात. पार्किंगला ते बरं. पण आडव्या गाडीत भार असलेलं पुढचं चाक हेच स्टिअरिंगच्या हिशेबाने ‘आतलं’ असतं. ते जास्त वळलं आणि त्याच्या मागून येणारं दुसरं पुढचं चाक कमी, की दोन्ही चाकं एकमेकांशी भांडतात आणि गाडीचा वेग खातात. चांगला किट दोघांना जवळपास सारखंच वळवतो. त्यासाठी स्टिअरिंग आर्मची जागाच बदलावी लागते.

आता माझं शहाणपण ऐक. मला हे सगळं माहीत होतं, जिग बनवायची नोकरीच होती. म्हणून मी माझ्या एस१३ चे नकल घरीच कापले. स्टिअरिंग आर्म २० मिलिमीटर आखूड केला, मधला तुकडा काढून वेल्ड मारला. आखूड आर्म म्हणजे तेवढ्याच रॅकमध्ये जास्त अँगल. वेल्ड असा देखणा आला होता की मी त्याचा फोटो काढला. तिसऱ्या महिन्यात मेईहानच्या ट्रॅकवर दुसऱ्या वळणावर स्टिअरिंग अचानक हलकं झालं. खाली उतरून बघतो तर वेल्ड शाबूत, त्याच्या अगदी शेजारी, उष्णतेने कडक झालेल्या जागी आर्म तुटलेला. तडा आतून आधीच तांबूस गंजलेला होता, म्हणजे दोन-तीन आठवडे मी तसाच कामावर जात होतो, एक्स्प्रेसवेवरून. मेईहान हे नाव नागोया आणि ओसाका या दोन शहरांवरून पडलंय. त्या दिवशी माझं एक चाक नागोयाकडे बघत होतं, दुसरं ओसाकाकडे.

म्हणून कापलेला-जोडलेला जुना नकल कुणी स्वस्तात देऊ केला तर हात जोड. आणि जे काही लावशील त्यानंतर गाडी उचलून दोन्ही बाजूंना पूर्ण लॉक करून बघ. टायर टेन्शन रॉडला घासतो का? ब्रेकचा होज ताणला जातो का? आणि टाय-रॉड स्टिअरिंग आर्मच्या सरळ रेषेत तर येत नाही ना? तसा आला की चाक पलीकडे उलटतं आणि परत येत नाही. लॉकवर चाक हाताने ढकलून बघ. ते सहज परतलं नाही तर स्टॉपर लावून अँगल कमी कर.

प्रश्न : सर, माझ्याकडे २०१० ची बीएमडब्ल्यू ३२०डी (ई९०) ऑटोमॅटिक आहे. हायड्रॉलिक हँडब्रेक आणि कॉइलओव्हर बसवायचा विचार आहे. रात्री सर्व्हिस रोड रिकामा असतो, तिथे सराव करता येईल. खर्च कितपत योग्य? — पुणे

उत्तर : रात्रीचा रिकामा सर्व्हिस रोड म्हणजे दिवे नसलेली सायकल, भाजीची गाडी आणि कुत्रं. त्या वाक्याला माझं उत्तर ‘नाही’, एवढंच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचा, नोंदणीच्या गाडीची मूळ रचना बदलायला परवानगी नाही. सराव करायचाच तर कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या बंद ट्रॅकवर, आयोजकांना विचारून.

गाडीबद्दल सांगतो. तुमच्या ३२०डीला साधा ओपन डिफरन्शिअल आहे, म्हणजे आतलं चाक धूर काढणार आणि बाहेरचं नुसतं फिरणार. हँडब्रेकने गाडी आडवी होईल, आडवी राहणार नाही. तो खर्च आधी एलएसडीकडे, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोर देणाऱ्या डिफरन्शिअलकडे, वळवा. त्याहीआधी पुढच्या टेन्शन स्ट्रटचे बुश बघा. त्यात तेल भरलेलं असतं. आपल्या स्पीडब्रेकरवर ते फुटतात, तेलाचा ओघळ दिसतो आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. गाडी अजून रनफ्लॅट (पंक्चर होऊनही चालणाऱ्या) टायरवर असेल तर ते काढून साधे टायर घाला आणि डिकीत स्टेपनी ठेवा. एवढ्यावर गाडी इतकी सुधारेल की कदाचित कॉइलओव्हरचा विषय तुम्हीच काढणार नाही.

प्रश्न : काका, मी शारजात राहते, निस्सान ३५०झेड आहे. अँगल वाढवून घेतला, डिफ, कॉइलओव्हर सगळं झालंय. पण चार-पाच रनमध्ये स्टिअरिंग एकदम जड होतं आणि बॉनेट उघडलं की पॉवर स्टिअरिंगचं तेल सगळीकडे उडालेलं असतं. वर्कशॉपने पंप बदलला, तरी तेच. दुसरा पंप टाकू का?

उत्तर : नको ताई, दुसरा पंपही असाच जाईल. तुमचं तेल उकळतंय. ट्रॅकवर ३५०झेडचं हे जुनंच दुखणं आहे. ड्रिफ्टमध्ये इंजिन वरच्या आरपीएमला असतं, म्हणजे पंप जोरात फिरतो. त्यात स्टिअरिंग लॉकला टेकलं की तेलाला जायला वाट उरत नाही, ते रिलीफ व्हॉल्व्हमधून पंपातच घिरट्या घालत तापतं. अँगल वाढवल्यावर चाक वळवायला जोरही जास्त लागतो. वर शारजातली दुपार.

रिटर्न लाइनवर, म्हणजे तेल टाकीत परत आणणाऱ्या नळीवर, तेलाचा कूलर बसवून घ्या, रेडिएटरसमोर हवा लागेल अशा जागी. तो रिटर्नवरच हवा. प्रेशर लाइनवर बसवून देतो म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा. जुनं तेल पूर्ण काढा, एकदा उकळलेलं तेल वासावरून कळतं, करपलेल्या फोडणीसारखं. भरताना टाकीत वर जागा ठेवा. मग पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे वीसेक वेळा फिरवा, हवा निघून जाईल. आणि दोन रनच्या मध्ये रांगेत उभं असताना स्टिअरिंग वळवून धरू नका, सरळ ठेवा.